घंटागाडी, बाग आणि आपली प्रकृती

आपल्या नगरपालिकेच्या गेल्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव मंजूर झाले. ओला व सुका कचरा वेगळा केला नसेल तर घंटागाडी तो घेणार नाही, सुका कचरा पंधरा दिवसांतून एकदाच उचलला जाईल आणि सार्वजनिक बाग लग्नसमारंभ व प्रदर्शनांसाठी भाड्याने दिली जाईल. आरोग्याच्या सदरात नगरपालिकेचे ठराव कशाला, असे काही वाचक विचारतील. पावसाळ्यातला ताप आणि बारमाही मधुमेह यांना आळा घालण्याची जितकी ताकद त्या सभागृहात आहे, तितकी माझ्या औषधाच्या चिठ्ठीत नाही, हे माझे उत्तर.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. त्याआधी शहरात पूर येऊन गेला होता, कचरा व मेलेली जनावरे जागोजाग पडली होती. घबराटीने लाखो माणसे शहर सोडून गेली. पुढे १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी रोजच्या सफाईची शिस्त लावली आणि तेच सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. हा बदल झाडू, गाडी आणि देखरेख यांच्या जोरावर झाला.

पहिल्या ठरावाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग भाजीची देठे, साली आणि उष्टे-खरकटे यांचा असतो. तो वेगळा राहिला तर त्याचे खत होते. प्लास्टिकमध्ये मिसळला की तो कुजतो, आणि माश्या, उंदीर व मोकाट कुत्री यांना आयते खाद्य मिळते. पण गृहिणीने दोन डबे भरायचे आणि गाडीत मात्र दोन्ही एकाच ढिगात ओतायचे, हा प्रकार मी आमच्या गल्लीत अनेकदा पाहतो. असे दोनदा झाले की तिसऱ्या दिवशी कोणीही कचरा वेगळा करत नाही. म्हणून गाडीत मध्ये पत्रा बसवून दोन कप्पे करणे हे दंडाच्या पावत्या छापण्याआधीचे काम आहे.

हे लहान गावाला जमत नाही, असे म्हणू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत घरोघरचे वर्गीकरण रुजवले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले. जिथे नाक दाबून जावे लागे, तो कचरा डेपो लोक मुद्दाम पाहायला जाऊ लागले.

दुसरा ठराव मात्र बदलायलाच हवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. चहाचे प्लास्टिकचे पेले, फुटके डबे, जुने टायर पंधरा दिवस परसात पडून राहिले आणि मध्ये एक सर येऊन गेली, तर गाडी येण्याआधीच डास घरात शिरलेला असेल. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही काही महिने टिकतात. शिवाय साचलेला ढीग लोक संध्याकाळी पेटवून देतात, आणि प्लास्टिकच्या त्या धुराने दम्याच्या रुग्णाची रात्र बसून जाते. सुका कचरा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी उचललाच पाहिजे.

डिझेलचा खर्च परवडत नाही, असे सांगितले जाते. पुण्यात २००८ पासून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करते. सभासदांना घरटी शुल्क मिळते, सुका माल विकून आणखी चार पैसे सुटतात. आपल्या गावातही भंगार वेचणाऱ्या बाया आहेत. त्यांना हातमोजे, ओळखपत्र आणि ढकलगाडी द्यावी.

आता बाग. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात सफाई हे बंधनकारक कर्तव्य आहे आणि बाग ऐच्छिक, म्हणून पैशाची चणचण आली की पहिली गदा बागेवर येते. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखीच्या रुग्णांना मीही तेच सांगतो. पण चालायचे कुठे? हमरस्त्यावर ट्रकांची वर्दळ. सूनबाई किंवा सत्तरीच्या आजीबाई तिथे पहाटे एकट्या जाणार नाहीत. लग्नसराईत बागेत मांडव पडला की त्यांचे चालणे बंद होते, आणि वऱ्हाड गेल्यावर मागे पत्रावळी व पेल्यांचा खच उरतो. समारंभांना पालिकेने दुसरे मैदान द्यावे. बाग पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी विनाशुल्क उघडी ठेवावी. तिथला पालापाचोळा न जाळता कोपऱ्यात खड्डा करून त्याचे खत करावे.

वाचकांनाही दोन शब्द. इन्शुलिनच्या सुया कचऱ्यात सुट्या टाकू नका; जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा आणि बाटली वेगळी द्या. फुटकी काच, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा. या वस्तू उचलणारा हात माणसाचाच असतो आणि त्या हाताची जखम मला टाके घालताना दिसते. परसातली करवंटी, पेला दर आठवड्याला पालथा करा. आणि पुढच्या सभेआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना भेटून दुसरा व तिसरा ठराव फेरविचारासाठी आणायला सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत हे झाले तर उपयोग आहे.