शेवटची तारीख कोण ठरवणार?

१ जानेवारी २०२४ च्या रात्री घरातले सगळे झोपल्यावर मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली होती : ‘२८ एप्रिल, राज्यसेवा पूर्व, ११८ दिवस.’ खाली इतिहास, भूगोल, राज्यघटना, चालू घडामोडी असे रकाने पाडले. हायलायटर नवीन, पेन नवीन, उत्साहही नवीन.

पुढे काय झालं ते तुमच्यातल्या निम्म्यांना तरी माहीत आहे. मराठा आरक्षणाचा नवा कायदा आला, जागांचं गणित बदललं आणि २८ एप्रिलची परीक्षा पुढे गेली. मध्ये आणखी तारखा आल्या-गेल्या. मग २५ ऑगस्ट ठरली, तर त्याच दिवशी बँकेच्या आयबीपीएसचा पेपर. पुण्यात मुलं रात्रभर रस्त्यावर बसली, परीक्षा परत पुढे. शेवटी १ डिसेंबरला पेपर झाला. म्हणजे माझं ११८ दिवसांचं नियोजन ३३५ दिवस चाललं. पेपर बरा गेला. उत्तरं जुळवून पाहिली, तर ना पास म्हणता येतं ना नापास. निकाल लागेपर्यंत मी त्या दोन्हीच्या मध्ये उभी आहे.

आता डिसेंबरचा शेवटचा आठवडा चालू आहे आणि सगळ्यांच्या स्टेटसवर ‘गोल्स २०२५’ झळकतायत. या वेळी पहिलं पान लिहिण्याआधी मी जुनी वही पहिल्यापासून चाळली. त्यातून जे कळलं त्यावर हा लेख.

आधी हिशोब. ३३५ दिवसांपैकी मी खरोखर चार तासांच्या वर वाचलं असे दिवस भरले १९१. बाकीचे कुठे गेले? काही लग्नसराईत. काही दोन निवडणुकांत. मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा, आणि बारामती-इंदापूरकडच्या माणसाला यंदाच्या निवडणुकांबद्दल ‘मी लक्ष दिलं नाही’ असं म्हणता येणार नाही, आमच्या घरातच दोन पार्ट्या होत्या. ऑगस्टचा आठवडा सगळा मोबाईलवर गेला, परीक्षा होणार की नाही हे दर पाच मिनिटांनी बघण्यात. जुलैमध्ये तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामाला होती, तेव्हा दोन दिवस भाकऱ्या थापण्यात गेले. ते दोन दिवस मी वाया गेलेले धरत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण वहीत एक नोंद अशी सापडली की वाचून वाईट वाटलं. २ मार्च. बारामतीत विद्या प्रतिष्ठानला नमो महारोजगार मेळावा होता. माझ्याबरोबरच्या दोघी गेल्या. मी वहीत लिहिलंय, ‘गेले नाही. फोकस.’ नोकरी मिळाली असती की नाही कुणास ठाऊक. पण निदान चार कंपन्यांना काय माणूस लागतं, मला मुलाखतीत बोलता येतं का, एवढं तरी कळलं असतं. मी गेले नाही कारण समोर २८ एप्रिल होती. जी नंतर आलीच नाही.

मला वाटतं, आपण इकडची मुलं ध्येय ठरवतच नाही. आपण परीक्षेचं नाव लिहितो आणि त्याला ध्येय म्हणतो. ते नावही बहुतेक वेळा फ्लेक्सवरून घेतलेलं असतं. कुठल्याही गावच्या चौकात उभे राहा. कोटातला फोटो, ‘पोलीस उपनिरीक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, खाली पंचवीस शुभेच्छुक. त्या फ्लेक्सच्या खालून रोज दोनदा एसटीने जाणाऱ्या पोराला दुसरं काय सुचणार? निवड झालेल्याचं कौतुक व्हायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जो पाच वर्षं तयारी करून थांबला आणि आता औषधाच्या दुकानात किंवा दूध डेअरीवर नीट कमावतो, त्याचा फ्लेक्स कोणी लावत नाही. त्यामुळे थांबणं म्हणजे हरणं एवढंच आपल्याला ठाऊक.

आणि तारीख? ती तर आपल्या हातातच नसते. आयोग एक तारीख ठरवतो. मुलींच्या बाबतीत दुसरी तारीख घर ठरवतं.

हे जरा उघड बोलू. माझ्या अभ्यासिकेत आम्ही अकरा मुली होतो, आता सात उरल्या. गेलेल्या चौघींपैकी एकीची निवड झाली, तिघींची लग्नं झाली. तिघींपैकी एकीलाही ‘तुझे किती अटेम्प्ट झाले, किती बाकी आहेत’ असं कोणी विचारलं नव्हतं. स्थळ चांगलं आलं, एवढंच कारण. नियमानुसार खुल्या गटाला वयाच्या ३८ पर्यंत परीक्षा देता येते. पण घरातल्या नियमात मुलीचं वय २४ ला संपतं. उलट माझा चुलतभाऊ २९ चा आहे, सात वर्षं तयारी करतोय, त्याला कोणी काहीच विचारत नाही. लहानपणी मला त्याचा हेवा वाटायचा. आता वाटत नाही. त्याला न विचारणं हे काही लाड नाहीत. त्याच्याकडे तारीखच नाही, म्हणून तो दर डिसेंबरला तेच पान पुन्हा लिहितो. माझी तारीख दुसऱ्यांनी फार अलीकडे लावली, त्याची कोणीच लावली नाही. आम्हा दोघांनाही ती स्वतः लावायची होती, हे दोघांनाही सुचलं नाही.

मला ते सुचलं, म्हणजे सुचवलं, पपांनी. तेही रागात.

१ डिसेंबरचा पेपर देऊन आले आणि जेवताना म्हटलं, पुढच्या वर्षी परत बसणार. पपा म्हणाले, “किती खोडवं घ्यायचं म्हणतीस?”

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या भागात ऊस लावतानाच ठरतं तो किती दिवस शेतात राहणार. जुलै-ऑगस्टात लावला तर आडसाली, सोळा-अठरा महिन्यांचा. जानेवारी-फेब्रुवारीत लावला तर सुरू, वर्षाचा. पहिला ऊस तुटून गेला की त्याच बुडख्यांना फुटवे येतात, तो खोडवा. नवीन बेणं लागत नाही, खर्च कमी, म्हणून खोडवा सगळेच घेतात. पण खोडव्यावर खोडवा घेत गेलं की टनेज उतरतं, आणि एक वेळ येते की शेत मोडून हरभरा नाहीतर गहू करावा लागतो. कोणता खोडवा शेवटचा, हे शेतकरी कुणाला विचारत नाही. रान बघून तोच ठरवतो.

ताट तसंच ठेवून मी उठले होते. रात्री झोप लागली नाही. पण जितका विचार केला तितका तो प्रश्न बरोबर वाटायला लागला, पपांचा सूर सोडून. त्यांना स्वतःलासुद्धा तोडीची तारीख हातात नसते. ऊस पक्व होऊन तुरा आला तरी टोळी येत नाही, वजन घटतं, चिटबॉयच्या मागे फिरावं लागतं. तरी ते कारखान्यात लागणीची नोंद वेळेवर करतात, कारण तेवढं त्यांच्या हातात आहे. माझ्या वहीत असं काय होतं जे माझ्या हातात होतं? रकाने तपासले. ‘पूर्व पास होणे’ हातात नाही. ‘२८ एप्रिल’ हातात नाही. ‘रोज दोन उत्तरं लिहून बघणे’ हे होतं, पण ते मी फेब्रुवारीतच सोडून दिलं, कारण पूर्वला लेखी उत्तरं लागत नाहीत. आता २०२५ च्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार आहे. ज्या एका गोष्टीने मला पुढे फायदा झाला असता तीच मी आधी सोडली होती.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की नवीन वर्षाच्या पानावर परीक्षेच्या नावाआधी एक तारीख लिहा. परीक्षेची नाही, तुमची. इथपर्यंत मी हे करणार, त्यानंतर थांबून दुसरं काहीतरी करणार. आणि ते दुसरं काय, हेही त्याच पानावर, नावानिशी. ‘प्लॅन बी बघू नंतर’ असं लिहिणाऱ्याकडे प्लॅन बी नसतो. काही जण म्हणतील, आधीच माघारीचा रस्ता ठेवला तर झोकून देऊन अभ्यास होत नाही. क्लासची जाहिरात असंच सांगते. मी हे वर्ष झोकून देऊन काढलं, १९१ दिवस भरले. घाबरलेला माणूस टेबलाशी बसतो जास्त आणि वाचतो कमी, हे माझ्यापुरतं तरी मी मोजून बघितलंय.

हिशोब ३१ डिसेंबरलाच करावा असंही नाही. याच वर्षी उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती, पळसदेवचं पाण्यात गेलेलं जुनं मंदिर उघडं पडलं, बघायला गाड्या लागल्या. ऑगस्टात तेच धरण शंभर टक्के. जूनमध्ये कोणी वर्षाचा आढावा लिहिला असता तर काय लिहिलं असतं? आणि उणे म्हणजे धरण कोरडं नसतं, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातलं पाणी चालू असतं. मी मे महिन्यात तशीच चालत होते. चालत होते एवढं खरं. त्या महिन्यात थांबून वही उघडली असती तर २ मार्चची चूक तेव्हाच दिसली असती. म्हणून यंदा दर तीन महिन्यांनी बघायचं ठरवलंय.

पुढचं बोलणं पपांशी करायचं होतं, ते अवघड होतं. रविवारी सकाळी पाणी धरायला गेले होते तिथेच गाठलं. म्हटलं, “दोन खोडवे. २०२५ आणि २०२६. ३१ डिसेंबर २०२६ ला रान मोडायचं. तोपर्यंत घरात स्थळाचा विषय नाही. आणि जूनपासून एम.एस्सी.ला ॲडमिशन घेते, म्हणजे रान पडीक राहणार नाही.”

ते दारं मोडत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आणि मामाला काय सांगायचं?”

“तारीख सांगा.”

“त्यो हसंल.”

“हसू द्या.”

होकार म्हणावा असं ते काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी नवं कालनिर्णय भिंतीला लावताना त्यांनी जुनं फेकलं नाही, घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं. त्यावर २८ एप्रिलला मी लाल गोल केला होता. २५ ऑगस्टलाही.

त्या रात्री नवीन वहीवर तारीख लिहीत होते तेव्हा आई भांडी आवरून शेजारी येऊन बसली. गेले काही महिने अभ्यासिकेची फी तिच्या लाडक्या बहिणीच्या दीड हजारातून जाते, एसटीचं अर्धं तिकीटही त्यातूनच. तिने पान वाचलं आणि विचारलं, “ह्यात माझं काय हाय?”

मला आधी कळलंच नाही. माझ्या परीक्षेत तिचं काय असणार? मग ती म्हणाली, तिला पिको-फॉलचं मशीन घ्यायचंय. दोन वर्षांपासून घ्यायचंय. माझी परीक्षा होऊ दे म्हणून थांबली होती, आणि परीक्षा पुढेच जात होती.

जानेवारीपासून मी सकाळी आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेणार आहे. फी त्यातून भरणार. वहीच्या पहिल्याच पानावर माझ्या तारखेच्या वर आता एक ओळ आहे : ‘आई, मशीन, गुढीपाडवा.’ तिनेच सांगून लिहून घेतली, आणि दिवाळी नको, पाडवाच, असं दोनदा बजावलं.