वेठीची नेकी

मागच्या रमजानमध्ये मसोलीतल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. डहाणू रोड स्टेशन, संध्याकाळची विरारहून आलेली लोकल, आणि लोकलमधून उतरणारी माझी मामेबहीण. डोक्यावर ओढणी नाही, बरोबर कॉलेजातला एक मुलगा, दोघं कशावर तरी हसतायत. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'घरच्यांनी लक्ष द्यावं.'

घरच्यांनी लक्ष दिलं. आठ दिवस तिचं कॉलेज बंद झालं. मी फोटो पाहिला होता आणि गप्प बसलो होतो. नंतर भेटली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाई, तूही त्याच लोकलनं येतोस. तुझा फोटो कोणी का नाही काढत?"

त्या दिवशी तिचा रोजा होता. फोटोत तो दिसत नव्हता.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता लिहितो.

रोजा म्हणजे काय, याचा आपण नीट विचार केलेला नाही. वुजू करताना एक घोट पाणी घशाखाली गेलं तर कोणाला कळणार आहे? मे महिन्याच्या उकाड्यात बंद खोलीत फ्रिज उघडला तर कोण बघणार आहे? तरीही माणूस पाणी पीत नाही. रोज्याची किंमत त्या न पिण्यात आहे, कारण पिणं त्याच्या हातात होतं. नियत धरल्याशिवाय रोजा होत नाही, हे आपण लहानपणीच शिकतो. मग नियत दुसऱ्यानं धरायची आणि अमल मुलीनं करायचा, हा कुठला दीन? धर्मात सक्ती नसल्याची आयत आपल्याला पाठ आहे. इस्लामवर कोणी आरोप केला की ती लगेच तोंडावर येते. घरात मात्र तिची आठवण होत नाही.

आपण ज्या मातीत राहतो, तिला सक्तीचा अर्थ चांगला ठाऊक आहे. डहाणू-तलासरीत वारल्यांकडून सावकार आणि जमीनदार वेठ घेत. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी राबत, अनेकदा आयुष्यभर. त्यांना लग्नगडी म्हणत. मे 1945 मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा लढा आहे. कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं.

वारल्यांनी जे सोसलं त्याच्याशी आमच्या घरातल्या आठ दिवसांची बरोबरी करायची नाही. पण वेठ घेणाऱ्याचा हिशेब सगळीकडे सारखाच असतो. त्याच्या लेखी निमूट राबणारा चांगला आणि मान वर करणारा माजलेला. आपणही 'चांगली मुलगी' याच मापानं मोजतो. भीतीपोटी डोक्यावर आलेली ओढणी आणि मनापासून घेतलेली ओढणी लांबून सारखीच दिसते. पहिली वेठ आहे, दुसरी इबादत. फोटो काढणाऱ्याला हा फरक दिसत नाही, आणि दिसावा असं त्याला वाटतही नाही.

पाळत ठेवणारे फक्त आपल्यातच नाहीत. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारनं आंतरधर्मीय लग्नांची माहिती घेणारी समितीच नेमली. आपण चिडलो, आणि ते बरोबरच होतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हादियाचं लग्न कायम ठेवलं, नवरा निवडणं हा सज्ञान स्त्रीचा स्वतःचा अधिकार मानला, तेव्हा आपण आनंदानं स्टेटस ठेवले. पण हादिया आपल्यात आली होती. उद्या आपल्या घरातली मुलगी त्याच अधिकारानं बाहेर निघाली तर? स्वातंत्र्य येणाऱ्याला असेल आणि जाणाऱ्याला नसेल, तर ते स्वातंत्र्य नव्हे, फक्त मोजदाद. सरकारी पाहरेकऱ्याला हाकलायचं असेल तर आधी आपल्या ग्रुपवरचा पाहरेकरी उठवावा लागेल. नाहीतर आपली तक्रार फक्त पाहरा कोणाचा, एवढ्यापुरतीच उरते.

मोठी माणसं म्हणतील, 'मोकळं सोडलं की पोरं वाया जातात.' काही जातील. मीही चुकलो आहे, मुंबईत, एकटा असताना. मला कोणी कोंडलं नाही. अब्बांनी समोर बसवून विचारलं, मी शरमलो, सुधारलो. चुकून सावरायची ही मुभा मला मुलगा म्हणून मिळाली. तीच तिला का नाही? सल्ला द्या, रागवा, तिच्यासाठी दुआ करा. दुसऱ्याला इजा होत असेल तर जरूर अडवा. पण सज्ञान माणसाचं चांगलं होणं त्याच्या वतीनं उरकून टाकता येत नाही. नीट जगायला शिकणं हे पोहायला शिकण्यासारखं आहे. काठावर बांधून ठेवलेलं पोर बुडत नाही, पण त्याला पोहताही येत नाही.

म्हणून तरुण मुलांना, विशेषतः भावांना, एकच सांगणं आहे. असा फोटो आला तर पुढे पाठवू नका, आणि माझ्यासारखे गप्पही बसू नका. गप्प बसणारा आपल्याला सभ्य वाटतो, पण पाहरा त्याच्याच जिवावर चालतो.

मी उशिरा का होईना ग्रुपवर लिहिलं, 'तिचा फोटो तिला न विचारता काढला, ही चूक आहे. मी तेव्हा बोललो नाही, ही माझी चूक.' दोघं ग्रुप सोडून गेले. एका मामूंचा फोन आला, आवाज चढलेला होता. मामींनी मात्र वेगळा मेसेज करून फक्त 'शुक्रिया' लिहिलं.

बहीण आता कॉलेजला जाते. ओढणी कधी असते, कधी नसते. मी विचारत नाही.