डबा एक, मालक दोन

लातूरला क्लासेसची पोरं ठेवणाऱ्या एका परिचिताकडे मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी, इंटरनेटचा डबा ठोकलेला. त्याचा अॅडॉप्टर काढून टाकला होता आणि दोन वायरी सरळ फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडल्या होत्या. वर कागद चिकटवलेला : ‘हात लावू नये’. ‘लाईट गेली की पोरांची ऑनलाईन टेस्ट अडते, मग बोंब माझ्या नावानं,’ घरमालक म्हणाले. डबा १२ व्होल्टचा, पंपाची बॅटरीही १२ व्होल्टची, म्हणजे हिशेब बरोबर. फक्त चार्जर लावलेला असताना हीच बॅटरी १४ व्होल्टच्या आसपास जाते, हे त्यांना पहिला डबा जळाल्यावर कळलं. भिंतीवर होता तो दुसरा.

मोडेममध्ये फेरफार करणं म्हटलं की अंधाऱ्या खोलीत बसलेला कुणी हॅकर डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे ते असं दिसतं : जिन्याखाली, चिकटपट्टीने, गरजेपोटी. नांदेडात मोबाईल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर आता याच गरजेचा धंदा झाला आहे. एका कंपनीचं कनेक्शन बंद केलं, डबा घरात पडून आहे. दोन-तीनशे रुपयांत तो ‘अनलॉक’ करून दुसऱ्या कंपनीच्या लाईनवर चालवून मिळतो. कंपनी जो मुख्य पासवर्ड ग्राहकाला देत नाही, तो टपरीवरच्या पोराच्या मोबाईलमध्ये नोंदवलेला असतो. कुणी वायफायची ताकद वाढवून देतो. कुणी ‘स्पीड उघडून’ देतो म्हणतो. या सगळ्याला एकाच तागडीत घालून ‘गुन्हा’ म्हणणं सोपं आहे आणि ‘माझा डबा, माझी मर्जी’ म्हणणंही तितकंच सोपं. दोन्ही चुकतात. कारण डबा दिसायला एक असला तरी त्याच्या आत दोन मालकांचा संसार आहे.

अर्धा डबा घराचा. वायफायचं नाव, पासवर्ड, पोरांचे मोबाईल रात्री किती वाजता बंद पडावेत, कुठलं संकेतस्थळ अडवावं, हा घरचा कारभार. उरलेला अर्धा लाईनचा, आणि तिथे कारभार गल्लीचा आहे. आज बहुतेक घरांत येते ती फायबर एकट्याची नसते. केबलवाल्याच्या यंत्रातून निघालेली एक काचेची तार खांबावरच्या छोट्या पेटीत फुटते आणि ३२ किंवा ६४ घरांत जाते. खाली येणारा साधारण अडीच गिगाबिटचा आणि वर जाणारा सव्वा गिगाबिटचा प्रवाह ही सगळी घरं वाटून घेतात. वर माहिती पाठवताना प्रत्येक डब्याला सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागाची पाळी दिलेली असते. आपली पाळी आली की लेसर लावायचा, संपली की विझवायचा. एखादा डबा बिघडला, किंवा त्यात भलतंच सॉफ्टवेअर घातलं आणि त्याने पाळी सोडून लेसर चालू ठेवला, तर त्या तारेवरच्या सगळ्यांचं बोलणं बंद पडू शकतं. केबलवाल्याचा पोरगा मग दिवसभर घरोघर फिरत एकेक तार काढून बघतो, कुणाची काढली की बाकीच्यांचा लाल दिवा जातो.

मराठवाड्यात हे कुणाला फार समजावून सांगावं लागू नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या शहरात नळाला मोटार लावणं म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मोटार स्वतःच्या पैशाची, वीज स्वतःच्या मीटरची, नळ स्वतःच्या अंगणातला, आणि पाणी मात्र पलीकडच्या घराचं. अंगणातल्या टाकीला तुम्ही कुठली तोटी बसवता, हे नगरपालिकेने विचारू नये. पण मुख्य लाईनला मोटार लावली तर ‘माझं अंगण’ ही सबब चालत नाही. मोडेमची नीती मला याहून वेगळी वाटत नाही. पंचाईत एवढीच की इथे टाकी, तोटी आणि मुख्य लाईनचा व्हॉल्व्ह हे सगळं एकाच प्लास्टिकच्या डब्यात कोंबलेलं आहे आणि त्याची किल्ली एकट्या कंपनीकडे आहे.

‘स्पीड उघडून देतो’चं मात्र दोन-तीन वाक्यांत संपवता येईल. फायबरवर तुमच्या प्लॅनचा वेग कंपनीच्या बाजूला ठरतो, डब्यात नाही. डबा उघडून ५० चा १०० होत नाही. टपरीवर त्याचे पैसे घेणारा तुम्हाला फसवतो, कंपनीला नाही.

ही समजूत आली कुठून, तर ती एके काळी खरी होती. जुन्या केबल मोडेममध्ये वेगाची मर्यादा सांगणारी फाईल मोडेम स्वतः उतरवून घेई. ती फाईल बदलली की मर्यादा गेली. अमेरिकेत असे मोडेम आणि त्यांचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एकाला २०१२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे २००५ साली बीएसएनएलचं ‘डेटावन’ आलं. त्या काळातली माणसं अजून रात्रीचे दोन ते सकाळचे आठ ही वेळ विसरलेली नाहीत. तेव्हाचा डाऊनलोड मोजला जात नसे, म्हणून गजर लावून उठणारे आणि मोडेम आपोआप चालू-बंद करण्याची युक्ती शोधणारे घराघरांत होते. कुणी फोनच्या तारेवरची सुरक्षिततेची मर्यादा कमी करून थोडा वेग पदरात पाडून घेई आणि पाऊस आला की लाईन सतत तुटते म्हणून कुरकुरत बसे. यात शेजाऱ्याचं फारसं जात नव्हतं. पण त्याच काळात दुसऱ्याचं नाव आणि कधीच न बदललेला पासवर्ड आपल्या मोडेममध्ये घालून त्याच्या खात्यावर चित्रपट उतरवणारेही होते. एकाच मोडेमच्या एकाच पानावर केलेली ही दोन कामं. एक हौस, दुसरी सरळ चोरी.

कायदाही हीच रेघ ओढतो, फक्त त्याच्या भाषेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३ विचारतं ते ‘मालकाची किंवा ताबा असलेल्याची परवानगी होती का’ एवढंच. डबा तुम्ही दुकानातून विकत घेतला असेल तर परवानगी तुमची. कंपनीने डिपॉझिटवर दिला असेल तर डब्याची मालकी तिची, आणि तिला न विचारता तो उघडून त्याचं सॉफ्टवेअर बदलणं अंगाशी येऊ शकतं. त्याहून कडक आहे २०२३चा दूरसंचार कायदा. त्याचं कलम ४२ जून २०२४ पासून लागू आहे. उपकरणाची ओळख पटवणाऱ्या क्रमांकात फेरफार केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम चर्चेत आलं मोबाईलच्या आयएमईआयमुळे, पण व्याख्या इतकी रुंद आहे की डब्याचा सिरियल नंबर त्यात बसतो असं माझं वाचन आहे. आणि टपरीवरचं ‘अनलॉक’ बऱ्याचदा तेच असतं : जुन्या डब्याचा नंबर नव्यात कोरायचा, म्हणजे कंपनीच्या यंत्राला वाटतं डबा तोच आहे. दोनशे रुपयांच्या कामात एवढी जोखीम आहे, हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नाही आणि गिऱ्हाईकालाही नाही.

नंबराचं एवढं काय, असं वाटेल. त्यासाठी २६ जुलै २००८ आठवावा. अहमदाबादेतल्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेली. तपास पोचला नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वायफायपर्यंत. घर एका अमेरिकन नागरिकाचं. त्याचा ईमेलशी संबंध नव्हता, वायफाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पण संगणक जप्त झाले, चौकशा झाल्या. पुढच्या महिन्यात अशीच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून गेली. पोलिसांचा माग आधी डब्यापाशी येतो, माणूस नंतर सापडतो. आता कल्पना करा, नांदेडात तरोड्याच्या एका घरातला नंबर वजिराबादेतल्या डब्यावर कोरलेला आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सोय आपण आपल्या हाताने करून ठेवली.

इथवर वाचून कंपन्यांना बरं वाटलं असेल. त्यांच्या पदरातही माप घालायला हवं, आणि माझ्या मते ते जड आहे.

जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एकाएकी मुके झाले. मोडेमचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, आणि कंपनीने दुरून मोडेम सांभाळण्यासाठी ठेवलेली वाट जगाला उघडी होती. त्या वाटेने एक मालवेअर शिरलं आणि मोडेम निकामी करून गेलं. त्यानंतर ग्राहकांना सांगण्यात आलं की पासवर्ड बदला. बारा वर्षं फोनची तार आणि मोडेम दारात नेऊन देणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. खरी गंमत पुढे आहे. हे आपणच केलं असं म्हणणारा एक जण स्वतःला ‘जॅनिटर’, म्हणजे झाडलोट करणारा, म्हणवत होता. त्याचा युक्तिवाद असा : ही उघडी उपकरणं उद्या चोरांच्या फौजेत भरती होणार, त्यापेक्षा मीच ती मारून टाकतो. भीती खोटी नव्हती. आदल्याच वर्षी ‘मिराय’ने अशाच कॅमेऱ्यांची आणि राऊटरांची फौज उभी करून अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली होती आणि त्याच्याच एका अवताराने जर्मनीत नऊ लाख घरांचं इंटरनेट घालवलं होतं. तरी शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं म्हणून चोर यायच्या आत आपणच त्याचं घर पाडायचं, हे झाडूवाल्याचं काम नव्हे. त्याचा हिशेब बरोबर असेल, अधिकार नव्हता.

म्हणजे कंपनी कुलूप नीट लावत नाही, किल्ली ग्राहकाला देत नाही, आणि तीन-चार वर्षांनी त्या डब्याचं सॉफ्टवेअर कुणी बघतही नाही. अशा वेळी स्वतः डबा हातात घेणारा माणूस धोका वाढवतो की कमी करतो? बऱ्याचदा कमी करतो. २००३ मध्ये लिंकसिसच्या एका निळ्या-काळ्या राऊटरमध्ये लिनक्स आहे हे हौशी लोकांनी ओळखलं, परवान्याप्रमाणे कंपनीला त्याची संहिता खुली करावी लागली, आणि त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ उभं राहिलं. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी राऊटर त्यावर अजून सुरक्षित चालतात. भंगारात जाणारा डबा वाचतो, हेही काही कमी नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. त्या हक्काला अर्थ असेल तर तो जिन्याखालच्या डब्यापर्यंत पोचला पाहिजे.

ऑगस्ट २०१६ मध्ये दोन देशांनी या वादात जे केलं ते मला आपल्या कामाचं वाटतं. जर्मनीत कायदा लागू झाला की कंपनीची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी संपते; पुढे कुठला मोडेम, कुठला राऊटर लावायचा ते ग्राहक ठरवेल. अमेरिकेत टीपी-लिंकला दोन लाख डॉलर भरावे लागले, कारण तिच्या राऊटरमध्ये देशाचं नाव बदललं की रेडिओची ताकद परवानगीबाहेर जात होती. पण त्याच समझोत्यात कंपनीकडून असंही कबूल करून घेतलं की बाहेरचं खुलं सॉफ्टवेअर चालवायला ती आडकाठी करणार नाही. हवेतल्या लहरी सगळ्यांच्या म्हणून तिथे दंड, पेटी घराची म्हणून तिथे मोकळीक. आपल्याकडेही वायफायच्या लहरी परवानामुक्त आहेत, पण ताकदीची मर्यादा घालूनच. तेव्हा ‘रेंज वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणावं. पोरांच्या खोलीपर्यंत पोचायचं असेल तर मधे आणखी एक राऊटर लावावा.

जर्मनीचा कायदा उचलून इथे आणावा, असं मी म्हणणार नाही. तिथल्या लाईनवर कुठला डबा चालेल याचे तपशील कंपन्यांना जाहीर करावे लागतात. आपल्याकडे गावचा केबलवाला तीन माणसांत शेकडो घरं सांभाळतो; प्रत्येकाने वेगळा डबा आणला तर लाल दिव्याचं मूळ शोधताना त्याची दमछाक होईल, आणि ती बघून मोठी कंपनी त्याचा धंदा गिळेल. मधला मार्ग आहे आणि कंपनीला तो फुकट आहे. फायबर जिथे येते तो डबा कंपनीचा राहू द्या, त्याला फक्त तार आत घेण्यापुरतं ठेवा. या जोडणीला तंत्रज्ञ ‘ब्रिज मोड’ म्हणतात. मागे ग्राहकाचा स्वतःचा राऊटर. त्यात त्याने ओपनडब्ल्यूआरटी घालावं, पासवर्ड बदलावेत, मोडतोड करावी, बिघडला तर स्वतःच्या खिशातून नवा आणावा. हे करून द्यायला कंपनीला पाच मिनिटं लागतात. पण फोन केला की ‘तशी पॉलिसी नाही’ हे उत्तर येतं, आणि मग माणूस टपरीकडे वळतो. टपरीवरच्या पोराला गुन्हेगार ठरवण्याआधी हे उत्तर ऐकावं. नंबर कोरण्याचं काम त्याने सोडावं, हे खरंच. उरलेलं काम तो कंपनीच्या वाटणीचं करतो.

लातूरच्या त्या घरमालकांनी आता बाराशे रुपयांचा छोटा यूपीएस आणला आहे. पंपाची बॅटरी परत शेतावर गेली. पण जळालेल्या पहिल्या डब्याचे पैसे कुणी भरायचे, यावर कंपनीशी त्यांचं अजून चालू आहे. त्यांनी मला कनेक्शनच्या दिवसाची पावती दाखवली. डबा विकला की भाड्याने दिला, मुख्य पासवर्ड कुणाकडे, डबा परत केला तर किती पैसे मिळणार, यातलं काहीच तिच्यावर नाही. एका ओळीत एवढंच लिहिलं आहे : ‘मोडेम, १ नग’.