मधुमेह, यकृत आणि ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूल

मधुमेही रुग्णाच्या चिठ्ठीत यकृतरक्षणाच्या नावाखाली एखादी अँटिऑक्सिडंट कॅप्सूल जोडण्याची प्रथा आपल्या व्यवसायात रूढ होत आहे. अशा कॅप्सूल औषधालयांतून विनाचिठ्ठीही विकल्या जातात. द्रव्य वनस्पतिज आहे, सबब अपाय संभवत नाही, हा त्यामागील समज आहे. या प्रथेचा पुनर्विचार व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मधुमेहात यकृतात मेदसंचय होतो व यकृतपेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो, हे निर्विवाद आहे. मात्र केवळ हा ताण शमविल्याने व्याधी आटोक्यात येतो, असे दिसत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘पिव्हेन्स’ अभ्यासात ८०० एककांच्या जीवनसत्त्व ‘ई’ने यकृतदाहात सुधारणा दिसली, परंतु त्या अभ्यासातून मधुमेही रुग्ण वगळलेले होते. २०१९ साली मधुमेही रुग्णांवरच झालेल्या अभ्यासात एकट्या जीवनसत्त्व ‘ई’ला मुख्य निकषावर यश आले नाही. चरकाचार्यांनी प्रमेहाची गणना संतर्पणजन्य व्याधींत केली आहे. संतर्पण चालू ठेवून वरून कॅप्सूल देणे ही चिकित्सा म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा मात्रेचा. प्रमेहात आमलकी व हरिद्रा श्रेष्ठ, हे वाग्भटाचार्यांचे मत आपणांस सुपरिचित आहे. परंतु ते हरिद्रेविषयी आहे, कर्क्युमिनविषयी नव्हे. हळदीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के धरले, तर ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये सुमारे १६ ग्रॅम हळदीतील कर्क्युमिन येते. हरिद्राचूर्णाची प्रचलित मात्रा १ ते ३ ग्रॅम आहे. त्यात मिरीतील पायपेरीन मिसळले की शोषण अनेक पटींनी वाढते; बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या १९९८ सालच्या अभ्यासात मानवांत ही वाढ २० पट आढळली होती. अशा पूरकांच्या सेवनानंतर यकृतशोथ झाल्याची उदाहरणे इटलीत २०१९ साली व पुढे अमेरिकेतही नोंदली गेली आहेत. हरित चहाच्या अर्काविषयीही युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सावधगिरीचा इशारा दिला. ज्या यकृताच्या रक्षणासाठी औषध द्यावयाचे, त्याच यकृताला ते बाधक ठरावे, हा विपर्यास आहे.

यास्तव वैद्यबंधूंना काही सूचना कराव्याशा वाटतात. यकृतविषयक कोणतेही औषध देण्यापूर्वी रक्तातील यकृतविकरे व प्लेटलेटसंख्या पाहून ‘फिब-४’ निर्देशांक काढावा, तो १.३ किंवा अधिक असल्यास पुढील तपासणीसाठी पाठवावे. स्थूल रुग्णाचे वजन ७ ते १० टक्के घटल्यास यकृतातील मेद व दाह कमी होतो. आहार-विहाराची चिठ्ठी प्रथम लिहावी. रुग्ण घेत असलेल्या सर्व पूरकांची नोंद ठेवावी. अरुची, कंडू, पीतमूत्रता वा कामलेची लक्षणे दिसताच कॅप्सूल थांबवून तपासणी करावी, आणि संशयित अपायाची नोंद आयुष औषधदक्षता केंद्राकडे करावी.

औषधालयचालकांनीही ‘लिव्हरसाठी काहीतरी द्या’ अशा मागणीवर बाटली पुढे सरकविण्याऐवजी ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. त्यात एका बाटलीचा नफा जाईल. परंतु आपल्या औषधाने यकृत बिघडल्याचे एक उदाहरण गाजले की त्याची झळ समग्र आयुर्वेदास लागते, याचे भान उभयतांनी ठेवणे अगत्याचे आहे.