सोने पारखून, लायब्ररी डोळे झाकून?

जबलपूरच्या सराफ्यात दागिना घेताना गृहिणी आधी हॉलमार्क बघते. १ एप्रिल २०२३ पासून तर त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांकही लागतो. पण तिचाच अकरावीतला मुलगा घरच्या संगणकावर कुणाचाही माल बिनदिक्कत उतरवून घेतो, त्याचे काय?

सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन भाषा शिकवतात. चिवडा घरी केला तरी पोहे कुणी घरी कांडत नाही. तसेच प्रोग्राम लिहिणाराही आलेख काढणे वगैरे कामांसाठी इतरांनी लिहिलेली तयार लायब्ररी घेतो. २००३ पासून चालत आलेल्या 'पायपीआय' या कोठारात अशा लाखो लायब्रऱ्या फुकट मिळतात. 'पिप इन्स्टॉल' लिहून पुढे नाव टाकले, की काम फत्ते!

धोका आहे तो इथेच. या कोठारात कुणीही माल ठेवू शकतो आणि प्रत्येक वस्तू आधी तपासली जात नाही. 'जेलीफिश' ही एक चांगली लायब्ररी. तिच्या रोमन नावातल्या एका छोट्या 'एल'च्या जागी मोठा 'आय' घालून कुणीतरी तोतया लायब्ररी ठेवली. दिसायला दोन्ही नावे सारखीच! ती संगणकातल्या गुप्त किल्ल्या चोरत असे. डिसेंबर २०१९ मध्ये ती पकडली गेली, तोवर जवळजवळ वर्ष उलटले होते.

मग करावे काय? आधी लायब्ररी हवीच का, ते पाहावे. तारखा, बेरजा, फाइली यांची साधने पायथनबरोबरच येतात. हवीच असेल तर नाव आठवणीने टाइप न करता लायब्ररीच्या अधिकृत माहितीपत्रातून घ्यावे. ती किती जुनी, शेवटची आवृत्ती कधीची, सांभाळणारे कोण, हेही वाचावे. प्रत्येक प्रकल्पासाठी 'व्हेन्व्ह'ने वेगळी खोली करावी, म्हणजे एकाच्या आवृत्त्या दुसऱ्याच्या पायात येत नाहीत. मात्र ही खोली चोराला अडवत नाही. म्हणून वडिलांचे बँकेचे हिशेब त्याच संगणकावर असतील, तर मुलाला लॉगिन वेगळे द्यावे आणि त्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत.

खोट्या सोन्यात एका दागिन्याचे पैसे बुडतात. खोट्या लायब्ररीपायी तिजोरीची किल्लीच जाते. तेव्हा एंटर दाबण्यापूर्वी नाव पुन्हा एकदा वाचा!