वडिलांचं फाटकं धोतर

‘श्यामची आई’मध्ये एक दिवाळी आहे. घर कर्जात बुडालेलं, हातात पैसा नाही. श्यामच्या वडिलांचं धोतर फाटलंय आणि नवं घ्यायची सोय नाही. भावाकडून भाऊबीजेचे म्हणून आलेले पैसे तेवढे आईजवळ असतात. स्वतःला काही न घेता त्या पैशांतून ती नवऱ्यासाठी धोतर आणवते.

हा प्रसंग शाळाशाळांतून आईच्या त्यागाचं उदाहरण म्हणून सांगतात, आणि त्यात काही चूक नाही. पण दहा-अकरा वर्षांचं मूल एकटं बसून तो वाचतं, तेव्हा त्याची नजर आधी त्या फाटक्या धोतरावर जाते, असं मला वाटतं. ज्याच्या पावलांची चाहूल लागली की पोरं गप्प होतात, तो घरातला कर्ता पुरुष ऐन सणात फाटकं नेसून वावरतोय. त्याला स्वतःला त्यावर काही करता येत नाही. हे बायकोला ठाऊक आहे आणि आता मुलालाही कळलंय. वडीलही अडतात, ओशाळतात हे ज्या दिवशी दिसतं, त्या दिवशी बाळपण सरायला लागतं. मूल त्याबद्दल कुणाशी बोलत नाही, कारण काय बोलायचं ते त्याला माहीत नसतं.

मुलगा किंवा मुलगी मोठी होण्याची गोष्ट सांगणारी पुस्तकं, हा यंदाच्या आपल्या अंकाचा विषय. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेलं ‘श्यामची आई’ हे पुस्तक आजही पुस्तक-प्रदर्शनांत मांडलेलं असतं आणि आजही विकलं जातं. ही पुस्तकं टिकतात कशी, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. कुणी संस्कारांचं नाव घेतं, कुणी स्मरणरंजनाचं. मुलाला त्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, असंही म्हणतात. या तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण मला वाटतं, वाढत्या वयाचा वाचक या पुस्तकांत स्वतःला शोधतो त्याहून जास्त तो आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना शोधतो. त्यांच्याविषयी जे दिसलंय, खुपलंय, पण घरात विचारता येत नाही, ते इथं कुणीतरी आधीच पाहिलेलं असतं. लेखकानं ते झाकलेलं नसतं, आणि ‘तुला हे कळणार नाही’ असं म्हणून पोराला बाहेर पाठवलेलंही नसतं.

श्यामची आईच पाहा. आपण तिची मूर्ती केली. आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि ती मूर्ती आणखी पक्की झाली. पुस्तकातली आई मात्र चिडते, थकते, हात उगारते. पोहायला जायची भीती वाटते म्हणून श्याम लपून बसतो, तेव्हा ती त्याला शोधून काढते, झोडपते आणि विहिरीकडे पिटाळते. नंतर तिचंच काळीज तुटतं. आपल्याला मारणारी आणि मारल्यावर रडणारी ही बाई एकच आहे, हे मुलाला पचवावं लागतं. मोठं होणं म्हणतात ते बरंचसं यातच आहे. श्यामही काही गुणी बाळ नाही. मोठं व्हायचं म्हणून तो पुस्तकासाठी चोरी करतो. अशा मुलावर दुसरं मूल विश्वास ठेवतं.

आनंद यादवांची ‘झोंबी’ याच्याही पुढं जाते. १९८७ साली आलेली ही आत्मचरित्रात्मक कादंबरी, तिला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कागलचा आनंदा शाळेसाठी तळमळतोय आणि बापानं त्याला शाळेतून काढून शेतात जुंपलंय. बाप गरीब आहे, कष्टानं पिचलेला आहे, असं काही म्हणून लेखक त्याला सोडत नाही. पोरगं शेतात राबलं की आपल्याला गावात मोकळं हिंडता येतं, हा बापाचा हिशोब पोराला समजलेला आहे. आईलाही समजलेला आहे, पण तिचं नवऱ्यापुढं काही चालत नाही. मग मायलेक रात्री दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात, सगळं सांगतात, आणि आपण येऊन गेलो हे बापाला कळू देऊ नका अशी विनवणीही करतात. देसाई बापाला बोलावून घेतात. आनंदा जरा वेळानं, सहज आल्यासारखा तिथं पोचतो. बाप कबूल होतो, पण अटी घालून : अकरापर्यंत शेतात राबायचं, मग शाळा, आणि सुटल्यावर पुन्हा तासभर गुरं चारायची.

मुलानं आईला हाताशी धरून बापाविरुद्ध केलेला हा कट आहे. संस्कारांच्या यादीत तो कुठं बसवायचा? तरी कुठल्याही जागरूक शिक्षकानं ही पानं मुलांना वाचून दाखवावीत, असं मी आग्रहानं म्हणेन. घरातला अन्याय ओळखता येणं आणि त्यातून वाट काढण्यासाठी बाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाकडे जाता येणं, हे आज कितीतरी मुलांना कळायला हवं आहे.

त्याच कादंबरीतले सौंदलगेकर मास्तर मराठी शिकवायचे, कविता चालीवर गाऊन, हातवारे करून शिकवायचे. तो नाद पोराला लागतो. शेताला पाणी पाजताना तो कविता म्हणतो. गुरांमागं असताना जवळ कागद-पेन्सिल नसली, तर म्हशीच्या पाठीवर काटकीनं ओळी लिहितो, नाहीतर दगडावर खड्यानं. पाठ झाल्या की पुसून टाकतो. पूर्वी एकट्यानं शेतात राबणं त्याच्या जिवावर यायचं. आता तोच एकटेपणा त्याला हवासा वाटतो, कारण तिथं मोठ्यानं गाता येतं, नाचता येतं. कविता लिहिणारे लोक पुस्तकाबाहेर, आपल्यासारख्याच हाडामांसाचे असतात, हे त्याला या मास्तरांकडे पाहून पहिल्यांदा कळतं. बापाच्या रूपानं मोठ्या माणसाचं एक दर्शन झालं होतं, मास्तरांच्या रूपानं हे दुसरं होतं. माझ्या मते मराठीत शिक्षकाविषयी याहून मोलाचं फार थोडं लिहिलं गेलंय.

मुलींच्या बाबतीत मात्र आपल्याला काही दशकं परक्या घरात जाऊन वाचावं लागलं. शांता शेळक्यांनी लुइसा मे अल्कॉटची ‘लिटल विमेन’ मराठीत आणली. त्या ‘चौघीजणी’वर मराठी मुली वाढल्या. ज्यो या मुलीवर त्यांचा जीव जडला. अमेरिकेतल्या कॉन्कर्ड गावी अल्कॉटनं हे पुस्तक लिहिलं ते मनाविरुद्ध, मुलींसाठी काहीतरी लिहा असा प्रकाशकाचा लकडा होता म्हणून. १८६८च्या शरदात पहिला भाग निघाला. तिचे स्वतःचे वडील तत्त्वज्ञ, ध्येयवादी, पण घर चालवण्याइतकं त्यांनी कधी कमावलं नाही. तो भार लेकीवर पडला. कादंबरीत तिनं वडिलांना यादवी युद्धावर पाठवून दिलं आणि घर बायकांच्या हाती ठेवलं. त्यात मला राग दिसतो आणि प्रेमही दिसतं.

या कादंबरीतलं एक प्रकरण मी फार महत्त्वाचं मानतो. धाकटी ॲमी रागाच्या भरात ज्योची वही जाळते, कष्टानं लिहिलेल्या गोष्टींची वही. ज्यो तिला माफ करत नाही. नदीवरचा बर्फ मधे पातळ झालाय हे कळूनही ती ॲमीला सावध करत नाही, आणि ॲमी पाण्यात पडते. जीव वाचतो. रात्री ज्यो आईपाशी रडते : माझा राग मला आवरत नाही, एखाद दिवशी माझ्या हातून भयंकर काही होईल. तेव्हा ती शांत, सोशिक आई लेकीला सांगते की तिला स्वतःलाही आयुष्यभर जवळजवळ रोज राग येत आलाय, तो दाखवायचा नाही एवढंच ती शिकलीय. ज्योला मग आठवतं, कधीकधी आई ओठ घट्ट मिटून खोलीबाहेर निघून जाते. बारा-तेरा वर्षांची मुलगी हे वाचते आणि स्वयंपाकघरातल्या आपल्या आईकडे नव्यानं पाहते.

ज्या वर्षी ‘लिटल विमेन’ निघाली त्याच वर्षी, १८६८ साली, लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. ‘स्मृतिचित्रे’ ही काही कादंबरी नाही, १९३४पासून भागाभागानं आलेलं ते आत्मचरित्र आहे. तरी मी ते याच फळीवर ठेवतो. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला की बाहेरून आलेली वस्तू, अगदी धान्यसुद्धा, धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. त्या सोवळ्यापायी घरादाराचे हाल झाले. आणि ते सगळं पाहणारी छोटी मनू अकराव्या वर्षी लग्न होऊन दुसऱ्या एका विलक्षण माणसाच्या घरात गेली. या बाईंनी ना वडिलांना क्षमा मागायला लावलं ना नवऱ्याला. त्यांनी दोघांना जसे होते तसे, खळखळून हसत आणि तितक्याच मायेनं समोर उभे केले. ज्योची गोष्ट वाचणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातात पुढं केव्हातरी हे पुस्तक पडावं.

सोळा-सतराव्या वर्षी ‘कोसला’शी गाठ पडते. १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली, तिच्यावर इतकं बोललं गेलंय की मी थोडक्यात आटोपतो. पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशावर पुण्यात राहतो, त्यांच्याशी त्याचं पटत नाही, आणि शेवटी रिकाम्या हातांनी त्यांच्याच घरी परततो. धाकटी बहीण मनी जाते ती पानं वाचून झाल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त (२००४) नववीतली चार पोरं एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत अड्डा जमवतात, आणि आणीबाणीच्या त्या वर्षातलं मोठ्यांचं जग तिथून न्याहाळतात. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे वाढतो. आपण इथं का, हा प्रश्न त्याच्या सगळ्या खोड्यांच्या तळाशी असतो.

यांतली बहुतेक पुस्तकं ‘कुमारांसाठी’ असा शिक्का मारून लिहिलेली नाहीत. मुलांनी ती मोठ्यांच्या कपाटातून आपण होऊन उचलली. दिवाळी अंकांचंही तसंच आहे. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं १९०९ साली प्रथा घातली तेव्हापासून हे अंक मोठ्यांसाठी निघतात आणि सुट्टीत घरातली पोरं ते पालथे घालतात. फराळाचा डबा आणि अंक, दोन्ही संपेपर्यंत हलायचं नाही, हा कित्येक घरांतला रिवाज. त्यातल्या निम्म्या गोष्टी तेव्हा कळत नाहीत, आणि न कळलेल्याच पुढं वर्षानुवर्षं सोबत राहतात.

म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुस्तक हातात देऊन लगेच ‘काय बोध घेतलास’ असं विचारू नका. मुलानं जे पाहिलं असेल ते कदाचित तुमच्याविषयीच असेल, आणि तुमच्यापुढं ते कसं सांगणार? निवडक उतारे, संक्षिप्त आवृत्त्या, ‘प्रेरक प्रसंग’ असं काही न देता अख्खं पुस्तक द्या. ‘श्यामची आई’तून श्यामची लाज, भीती, चोरी वजा केली तर त्यागाची गोष्ट उरेल, पण मुलाला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. दुःखाची पानं आहेत म्हणूनही पुस्तक लपवू नका. घरातलं आजारपण, हप्त्यांची ओढाताण, आजीचं विसरत जाणं हे मुलं रोज पाहतच असतात.

या अंकात आम्ही काही लेखकांना त्यांच्या कोवळ्या वयातल्या पुस्तकावर लिहायला सांगितलं, आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलींचंही लेखन मागवलं. संपादन करताना एक गोष्ट सतत टोचत राहिली. मुलीनं, मुलीच्या नजरेतून सांगितलेली, श्याम किंवा लंपनइतकी घराघरांत पोचलेली मराठी कादंबरी मला आठवत नाही. ज्यो कॉन्कर्डची आहे, तिच्यावर आमचा लोभ आहे, पण तिच्या बर्फाळ नदीवर आमच्या मुलींनी किती दिवस राहायचं?

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीसाठी कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. त्यांच्यात शाळेचं वय असलेली एखादी मुलगी असते. कारखान्याजवळच्या पालावर धाकट्या भावंडाला सांभाळते, पहाटे चूल पेटवते, आणि परत आल्यावर वर्गात आपली जागा आहे का ते चाचपते. बापानं मुकादमाकडून घेतलेली उचल किती आणि फिटली किती, हे तिला तोंडपाठ असतं. मुकादमापुढं बापाचा आवाज कसा बदलतो, तेही तिनं ऐकलेलं असतं. ही कादंबरी तिनं लिहावी, तिच्या बोलीत लिहावी. कुणाच्या वहीत ती अर्धीमुर्धी लिहिलेली असेल, तर तशीच आमच्याकडे पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते आम्ही पाहू. पुढच्या दिवाळीला तिला लागतील तेवढी पानं आम्ही राखून ठेवतो आहोत.



— संपादक