मांडी म्हणजे आसन नव्हे

नागऱ्याच्या शिवमंदिराला महाशिवरात्रीची यात्रा असते. त्या दिवशी गोंदिया-बालाघाट रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभं राहावं आणि लहान मुलं कुठं कुठं बसली आहेत एवढंच पाहावं. एक पोर पेट्रोलच्या टाकीवर, हँडलचा मधला भाग धरून. दुसरं आई-बापाच्या मध्ये चेपलेलं. तिसरं आईच्या पदराखाली. आई दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेली, एक हात पोराभोवती, दुसऱ्या हातात बेल-फुलांची पिशवी, म्हणजे गाडीला धरायला हात उरलेलाच नाही. चारचाकीत तर पोरांचा मान मोठा. पुढची सीट त्यांचीच, आजोबांच्या मांडीवर, नाक काचेला लावून. हटकलं तर उत्तर तयार असतं: "इथंच तं जाचं हाये जी, का होते?"

गोंदिया इथून पाचएक किलोमीटर. पण मोटारीतल्या मुलासाठी अंतराला काही अर्थ नसतो, वेगाला असतो. ताशी 40 किलोमीटरने चाललेली गाडी जागच्या जागी थांबली, तर आतल्या मोकळ्या जिवाला बसणारा मार दुसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. ताशी 50 ला तो तिसऱ्या मजल्यावर जातो. त्या क्षणी दहा किलोचं पोर दीडशे किलोच्या ओढीने हातातून सुटतं. धानाचे 40 किलोचे चार कट्टे धावत्या गाडीत मांडीवर धरून ठेवणारा गडी ज्याला माहीत असेल, त्याने खुशाल पोराला मांडीवर घ्यावं.

कायदा आहे का? आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 194-ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने बांधलेलं नसेल किंवा त्याच्या वेगळ्या आसनात बसवलेलं नसेल, तर हजार रुपये दंड. देशात ही दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाली. आपल्या राज्याने वाढीव दंडाला डिसेंबर 2021 पर्यंत तिष्ठत ठेवलं. ते असो. खरी खोट कलमाच्या मांडणीतच आहे. त्यात दोन्हींपैकी एक चालतं. तीन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचा पट्टा बांधला की कायदा खूश. तो पट्टा मात्र त्या मुलाच्या खांद्यावरून नाही, गळ्यावरून जातो. खालचा पट्टा कमरेच्या हाडावर न बसता पोटावर येतो. धडक बसली की हाड वाचवायचं सोडून आतडं कापतो. यासाठीच बूस्टर असतो. तो म्हणजे काही यंत्र नव्हे. मुलाला तीन-चार बोटं उंच बसवणारी घट्ट बैठक. पट्टा जिथं पडायला हवा तिथं पडतो, बस. ब्रिटनमध्ये बारा वर्षं किंवा 135 सेंटिमीटर यांपैकी जे आधी येईल तोवर मुलाला असं आसन सक्तीचं आहे. आपल्याकडे उंचीचा विचारच नाही. तीन वर्षांचं आणि तेरा वर्षांचं, दोघंही एकाच मापाने मोजायची.

आणि मुलाने पुढं बसू नये, असंही आपला कायदा थेट म्हणत नाही. 2021 पासून नव्या गाड्यांत पुढच्या प्रवाशालाही एअरबॅग सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण ती मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशोबाने उघडते, पापणी लवायच्या आत. मुलाच्या बाबतीत तिथं तोंड आणि मान असते. डिसेंबर 2024 मध्ये नवी मुंबईत वाशीला पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा असाच गेला. पुढच्या गाडीचा मागचा भाग मुलाच्या गाडीच्या बॉनेटवर आदळला, एअरबॅग उघडली. गाडीतले बाकीचे वाचले. एअरबॅग सक्तीची करताना त्याच कागदावर "लहान मूल मागेच" एवढं लिहायला किती शाई लागली असती?

मांडीचा मोह आपल्याच लोकांना आहे असंही नाही. मुलांच्या आसनाचा अमेरिकेतला पहिला कायदा टेनेसी राज्यात 1977 साली झाला. डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाने त्यासाठी आमदारांचे उंबरे झिजवले. आमदारांनी कायदा केला, पण एक पळवाट ठेवून: मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर असेल तर माफ. धडकेत त्याच मोठ्या माणसाच्या अंगाखाली मूल डॅशबोर्डवर चिरडतं, हे डॉक्टर सांगत राहिले. 1981 मध्ये ती सवलत रद्द झाली, आणि 1985 पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. आपल्याकडे केरळच्या परिवहन आयुक्तांनी ऑक्टोबर 2024 मध्ये मुलांच्या आसनाची सक्ती जाहीर केली. ओरड होताच मंत्र्यांनी ती गुंडाळली. महाराष्ट्राला गुंडाळण्याचीही वेळ आली नाही, कारण इथं कुणी काही जाहीरच केलेलं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर पट्ट्याविना गेले, तेव्हा मागच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि मुंबईत सक्तीही आली. त्याच वर्षी देशाच्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांत अठरा वर्षांखालची साडेनऊ हजारांवर होती. त्यांच्या नावाने कुठली सक्ती आली नाही.

नागऱ्यात यावर एक रास्त हरकत निघेल: साहेब, मोटार कुणाकडे आहे? बरोबर. मोटारीची सीट हा इथल्या बऱ्याच घरांच्या लेखी शहरी थाट आहे. इथलं पोर गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात जन्मतं. सरकारी 102 च्या गाडीने घरी आलं तर नशीब, नाहीतर ऑटोत किंवा मोटरसायकलवर मामाच्या मागे. म्हणून दुचाकीचा नियम इथं जास्त महत्त्वाचा, आणि तोही आहे. 15 फेब्रुवारी 2023 पासून चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्याला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, वेग 40 च्या वर नको. हा पट्टा नागऱ्यात कुणाच्या पाठीवर दिसतो? बापाच्या हेल्मेटसाठी शिट्टी वाजते. पुढं टाकीवर उघड्या डोक्याने बसलेल्याकडे हवालदार पाहून हसतो, गाल ओढतो. गाडी आडवी झाली तर पट्ट्यामुळे पोर बापाबरोबर फरफटेल, ही शंका काही जाणकारही घेतात, आणि ती अगदीच फोल नाही. पण डुलकी लागून किंवा गतिरोधकावर उसळून पोर सुटतं, त्याला हाच इलाज आहे. हेल्मेटबद्दल तर शंकाच नको.

तेव्हा मागणं फार नाही. केंद्राने 194-ब मध्ये उंची घालावी: 135 सेंटिमीटरच्या आतल्याला आसन किंवा बूस्टरच, नुसता पट्टा पुरणार नाही, आणि जागा मागची. मोटार वाहन हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यालाही हात बांधल्याचं सोंग करता येत नाही. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, गोंदियाच्या आमदारांना लांब जायचं नाही. दुचाकी विकताना गाडीबरोबर हेल्मेट देण्याचा नियम मोटार वाहन नियमावलीत आहेच. मुलाचा पट्टा हजार रुपयांच्या आत मिळतो. ज्या घरात चार वर्षांखालचं पोर आहे, त्या घराला तो पट्टा आणि छोटं हेल्मेट गाडीसोबतच द्यावं आणि पावती पाहिल्याशिवाय गोंदियाचा एमएच 35 नंबर देऊ नये.